काट्यापर्यंत टिकणारे शुगरबीट हवे: अकोल्याच्या कृषी विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. संशोधन संचालक आणि पैदासकार शास्त्रज्ञ,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला

विषय: खारपाण पट्ट्यासाठी शुगरबीटचे वाण निवडताना काढणीनंतरच्या दिवसांचीही चाचणी घेण्याबाबत

महोदय,

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात माझे साडेसात एकर वावर आहे. विहीर आहे आणि तिला पाणीही आहे. परंतु ते इतके मचूळ आहे की त्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि पिकाला दोन पाळ्या दिल्या तर सरीच्या काठाला पांढरा थर धरतो. म्हणून खरिपात कपाशी, तूर, मूग आणि रब्बीत शेततळ्याच्या भरवशावर हरभरा, एवढेच आमचे पीकचक्र. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ४.७ लाख हेक्टर जमीन आहे, हे आपणास मी सांगावे असे नाही. १९६९ साली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हापासून हा पट्टा आपल्या दारातच आहे.

या पट्ट्यात अलीकडे शुगरबीटचे, म्हणजे साखरेसाठी लावल्या जाणाऱ्या बीटच्या कंदाचे, नाव पुन्हा निघू लागले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलसाठी चालणाऱ्या कच्च्या मालात या पिकाचा उल्लेख झाला, आणि गावात बैठक घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तीन वाक्ये ठरलेली असतात: उसाच्या निम्म्याहूनही कमी पाणी लागते, पाच-सहा महिन्यांत वावर मोकळे होते आणि खारवट जमिनीतही पीक येते. तिन्ही वाक्ये खरी आहेत. पण एप्रिल-मेच्या उन्हात उपटलेला कंद कारखान्याच्या काट्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले किती शिल्लक राहते, हे चौथे वाक्य कोणी उच्चारत नाही, आणि आमचे नुकसान नेमके त्या चौथ्या वाक्यात होते. वाणाची परीक्षा काढणीच्या दिवशी संपवू नये, ती त्यापुढे किमान आठवडाभर चालू ठेवावी, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

बारा वर्षांपूर्वी मी अर्धा एकर शुगरबीट लावले होते. एका खासगी कंपनीच्या प्रतिनिधीने बियाणे दिले, करार करून घेतला आणि कंद कारखान्याने उचलण्याची हमी दिली. मूग निघालेल्या वावरात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरंब्यावर टोकण केली. जानेवारीपर्यंत पीक असे जोमदार होते की रस्त्याने जाणारे लोक बंडी थांबवून ‘हे काय लावलं?’ असे विचारत. मार्चमध्ये ऊन तापू लागले आणि शेततळ्यातल्या पाण्याची एक पाळी दिल्यानंतर आठ-दहा दिवसांत ठिकठिकाणी झाडे माना टाकू लागली. एक कंद उपटून पाहिला. त्याच्या खालच्या अंगाला पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे गुंडाळलेले होते आणि त्या धाग्यांवर मोहरीसारखे, काही पांढरे तर काही तपकिरी, दाणे चिकटलेले होते. अशी झाडे मी वेगळी काढली. उरलेले कंद एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काढले, बायांनी विळ्याने शेंडे छाटले आणि धुऱ्यावरच्या लिंबाखाली ढीग केला.

गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, ती सहाव्या दिवशी आली. ऊन लागू नये म्हणून मी ढिगावर ताडपत्री टाकली होती, आणि ती माझी चूक होती, हे तिसऱ्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घातल्यावर कळले. उकिरड्यात हात घालावा तसा आत ऊबारा होता. चौथ्या दिवशी ताडीसारखा आंबूस वास सुटला. वरचे कंद सुरकुतून गाजरासारखे लवचिक झाले होते आणि तळाचे, जिथे विळ्याची जखम होती तिथून, काळपट मऊ पडले होते. काट्यावर वजन झाले, मातीची कटती झाली, सडक्या मालाची वेगळी कटती झाली आणि हातात जी पावती आली तिच्यातून गाडीभाडेही सुटले नाही. वावरातून माल निघाला तेव्हा त्याचे वजन कोणीच केले नव्हते, त्यामुळे किती माल कुठे गेला हे मला सिद्ध करता आले नाही. कंपनीच्या कागदावर मात्र माझ्या प्लॉटचे उत्पादन ‘समाधानकारक’ असे नोंदले गेले, कारण त्यांनी काढणीच्या दिवशी दहा-दहा फुटांच्या तीन ओळी उपटून तोलल्या होत्या. त्यांचा आकडा खोटा नव्हता. तो फक्त सहा दिवस आधीचा होता.

शुगरबीटचा कंद उपटल्यावर मरत नाही. तो श्वास घेत राहतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा साठवलेल्या साखरेतूनच काढतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, श्वसनातून पुन्हा उष्णता निघते, ढीग आणखी तापतो आणि मग बुरशी व जिवाणूंचे फावते. शिवाय साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, ज्यांचे स्फटिक धरत नाहीत. म्हणजे कंदात गोडी राहते, पण कारखान्याच्या पोत्यात साखर येत नाही. हे शास्त्र आपण जाणता. माझा मुद्दा एवढाच की या सर्व क्रियांचा वेग वाणावाणांत वेगळा असतो आणि जिथे फरक आहे तिथे निवडीला वाव आहे.

शीत प्रदेशात हे काम झाले आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरील रेड रिव्हरच्या खोऱ्यात शरद ऋतूत काढलेले कंद प्रचंड ढिगांत उघड्यावर रचतात, हिवाळ्याची गार हवा पंख्यांनी आत सोडतात आणि ते गोठवून महिनोन्‌महिने गाळप चालवतात. आयडाहोमध्ये साठवणीतील साखरेची घट मोजून वाणांची तुलना केली गेली आहे आणि ऱ्हायझोमेनिया या विषाणूजन्य रोगाने ग्रासलेला कंद ढिगात निरोगी कंदापेक्षा लवकर खराब होतो, हेही तिथे दिसून आले आहे. रोगप्रतिकार आणि साठवण या दोन वेगवेगळ्या चाचण्या नसून एकाच चाचणीची दोन टोके आहेत, हा त्यातून आपण घ्यायचा धडा. परंतु त्यांचा ‘टिकाऊ’ वाण उचलून आणला म्हणजे तो आमच्याकडेही टिकेल, असे मात्र समजू नये. त्यांना शून्याच्या आसपासच्या तापमानात चार महिने टिकणारा कंद हवा असतो. आम्हाला ४३ अंशांत पाच दिवस टिकणारा हवा आहे. सालीची जाडी, जखम भरून येण्याचा वेग, पाणी सुटण्याचे प्रमाण, सगळ्यांचे महत्त्व इथे बदलते. हा गुण युरोपातल्या कोणत्याही पैदासकाराने निवडलेला नसणार, कारण त्याला त्याची गरजच पडली नाही.

हे पीक मुळात निवडीतूनच घडले आहे, म्हणून मला आशा वाटते. १७४७ साली बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ यांनी बीटमधून उसासारखीच साखर वेगळी करून दाखवली. त्यांचे शिष्य आखार्ड यांनी पुढे सायलेशियातील (आताच्या पोलंडमधील) कुनर्न येथे १८०१-०२ च्या सुमारास पहिला कारखाना काढला आणि अधिक गोड कंद वेचून त्यांचे बी धरण्याचा क्रम सुरू केला. तेव्हा कंदात सुमारे ६ टक्के साखर असे, आज १६ ते १८ टक्के सहज असते. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये पैदासकार लुई द व्हिलमोरँ यांनी कंदाची घनता मिठाच्या द्रावणात तपासून निवड केली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक कंदाची किंमत त्याच्या संततीवरून ठरवली. मिठाच्या पाण्यात बुडते ते भारी आणि तरंगते ते पोकळ, हे आमच्या पूर्व विदर्भातल्या धान उत्पादकाला कोणी शिकवायला नको; तो दरवर्षी बियाणे तसेच निवडतो. त्याच भागातील, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत एचएमटी हा वाण उभा केला. नजर आणि चिकाटी यांची आपल्याकडे वाण नाही. (‘वाण’ हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा.)

आता रोगाबद्दल. युरोपातील शुगरबीटचे मोठे संकट म्हणजे वर उल्लेखलेला ऱ्हायझोमेनिया. १९८० च्या दशकात ‘होली’ या नावाने ओळखला जाणारा प्रतिकार जनुक सापडला, त्याच्या बळावर वाण आले आणि कालांतराने त्या एका जनुकाला चकवणारे विषाणूचे प्रकारही आले. त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीस, इटलीत पो नदीच्या त्रिभुज प्रदेशात रोव्हिगो येथे पैदासकार मुनेराती यांनी समुद्रकाठच्या रानटी बीटशी संकर करून पानांवरील सर्कोस्पोरा बुरशीच्या ठिपक्यांना दाद न देणाऱ्या पैदाशीच्या ओळी मिळवल्या होत्या. तो गुण अनेक जनुकांत विभागलेला असल्याने हळू मिळाला, पण टिकला. आमच्या पट्ट्याचा मुख्य शत्रू मात्र या दोहोंपेक्षा वेगळा आहे. मी कंदावर पाहिलेले मोहरीसारखे दाणे स्क्लेरोशियम रॉल्फसाय या बुरशीचे होते. ती पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगते, उष्णता आणि ओल एकत्र आली की फोफावते आणि तिचे दाणे मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात. हरभऱ्याची मानकूज तीच करते, सोयाबीन आणि भुईमुगातही तीच सापडते. म्हणजे सोयाबीन-हरभरा घेणाऱ्या वावरात शुगरबीट लावणे हे आधीच वाढून ठेवलेल्या ताटावर पाहुणा बसवण्यासारखे आहे. तूर आणि हरभऱ्याच्या मर रोगासाठी जसे मुद्दाम रोगग्रस्त ठेवलेले प्लॉट वापरतात, तसा या बुरशीचा प्लॉट शुगरबीटसाठी हवा, आणि त्यात जगलेले कंद तिथेच न सोडता ढिगातही ठेवून पाहावेत. कारण वावरात वरून निरोगी दिसलेला कंद बुरशी सोबत घेऊन ढिगात जातो आणि तिथे फुटतो.

क्षार आणि ताण यांविषयी बैठकांत जे सांगतात ते अर्धेच असते. जमिनीच्या अर्काची क्षारता साधारण ७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत (क्षार मोजण्याचे हे एकक) गेली तरी शुगरबीटचे उत्पादन घटत नाही, उसाचे मात्र १.७ पासूनच घटू लागते. आमची कपाशी तर ७.७ पर्यंत तग धरते, म्हणून ती इथे आजोबांच्या काळापासून आहे. पण शुगरबीटची ही सहनशक्ती मोठ्या झाडाची आहे. उगवणीच्या वेळी तेच बी बरेच नाजूक असते, आणि मचूळ पाण्याच्या पहिल्या पाळीत ओळीच्या ओळी मोकळ्या राहतात. दुसरे असे की आमची अडचण निव्वळ क्षारांची नाही. सोडियममुळे चिकणमाती फुगते, निचरा थांबतो, पाणी दिले तर वरच उभे राहते आणि ओसरले की तळहात मावेल एवढ्या भेगा पडतात. क्षार सोसणारा कंद हे उभे पाणी आणि या भेगा सोसेलच असे नाही. कडक थरात मूळ फाटे फोडते, फाट्यांत काळी माती लिंपल्यासारखी बसते आणि तीच काट्यावर कटती होऊन आमच्या खिशातून जाते. मिशिगनमधील ईस्ट लान्सिंग येथे पैदासकारांनी मुळावरच्या खोलगट खाचा कमी असलेले, गुळगुळीत मुळाचे कंद मुद्दाम निवडले ते या मातीसाठीच. आमच्या काळ्या मातीत तो गुण दुप्पट मोलाचा ठरेल.

एक अडचण याहून सूक्ष्म आहे आणि ती आधी सोडवली नाही तर पुढचे सगळे काम चुकीच्या दिशेने जाईल, असे मला वाटते. शुगरबीट क्षार सोसते ते पुष्कळ अंशी सोडियम शोषून घेऊन. कंदात सोडियम, पोटॅशियम आणि अमिनो नत्र वाढले की साखरेचे स्फटिकीकरण बिघडते आणि मळीत जाणारी साखर वाढते. म्हणजे खारपाणात उत्तम उभा राहणारा वाण साखर कारखान्याला नकोसा होऊ शकतो. इथेनॉलसाठी मात्र हे गणित बदलते. विघटन होऊन तयार झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यीस्टला चालतात आणि सोडियमचा जाचही तुलनेने कमी होतो. श्वसनाने जळालेली आणि सडून गेलेली साखर तेवढी दोन्हीकडे वाया जाते. म्हणून साखरेसाठी पैदास करायची की इथेनॉलसाठी, हे पहिल्या वर्षीच ठरवावे लागेल. माझे मत इथेनॉलच्या बाजूने आहे. उसाचे कारखाने ऊस घाण्यात पिळून चालतात, कंदाला चकत्या करून गरम पाण्यात रस काढणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि विदर्भातले अनेक साखर कारखाने बंद पडलेले आम्ही पाहिले आहेत. तिथे साखरेसाठी नवा खर्च कोण करणार? इथे एक वेडा वाटेल असा विचारही मांडतो. ज्या उन्हाने माझा ढीग कुजवला, त्याच उन्हात आमच्या घरच्या बाया कुरडया आणि सांडगे दोन दिवसांत खडखडीत वाळवतात. कंद ढिगात ठेवण्याऐवजी त्याच दिवशी चकत्या करून ताडपत्रीवर वाळवला तर इथेनॉलपुरती साखर किती वाचते, हे एकदा तोलून पाहायला फारसा खर्च येणार नाही.

बियाण्याचा प्रश्न मी टाळत नाही. शुगरबीट द्विवर्षायू आहे; काही आठवडे थंडी मिळाल्याशिवाय ते फुलोऱ्यात येत नाही आणि आमच्या हिवाळ्यात ती थंडी नाही. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने यासाठी उत्तराखंडातील मुक्तेश्वरच्या डोंगराचा आधार घेतला आणि एलएस-६ तसेच आयआयएसआर कॉम्प-१ हे वाण दिले. खारपाणात जगलेले कंद शीतगृहात ठेवून त्यांना कृत्रिम थंडी देता येते किंवा ते मुक्तेश्वरसारख्या ठिकाणी पाठवता येतात. निवड इथे आणि बी तिथे, अशी वाटणी लखनौशी करार करून जमू शकते. याशिवाय आमच्या परसात एक नातेवाईक आहेच. आपल्या बाजारात विकला जाणारा देशी पालक हा शुगरबीटच्याच जातीचा, बीटा व्हल्गॅरिसचा; गुणसूत्रेही तीच १८. मचूळ पाण्यावर आमच्या मागच्या अंगणात तो येतो, उन्हाळ्याच्या तोंडाला बीही धरतो. तो लवकर फुलावर येतो आणि फुलावर आलेला कंद काष्ठमय होतो, त्यामुळे सरळ संकर करून चालणार नाही, हे मला समजते. तरीही उष्णतेची आणि खाऱ्या पाण्याची सवय शोधायची असेल तर दूरच्या समुद्रकिनाऱ्याबरोबर हा पालकाचा वाफाही पाहावा. वाऱ्याने परागीभवन होणारे हे पीक असल्याने बीजोत्पादनात हाच पालक शत्रूही ठरू शकतो, तेव्हा अंतर राखावे लागेलच.

मजुरीबद्दल एकच सांगतो. पूर्वी शुगरबीटच्या एका बोंडातून दोन-चार रोपे एकत्र निघत आणि विरळणीत जीव जाई. १९४८ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पैदासकार व्ही. एफ. साविट्स्की यांना एकेकच रोप देणारी मोजकी झाडे सापडली आणि तिथून एकांकुरी बियाणे आले. आपल्याकडे जे काही येईल ते एकांकुरीच असावे. बहुअंकुरी बियाणे स्वस्त असते म्हणून ते चाचणीत वापरले तर विरळणीचा खर्च आमच्या माथी बसेल.

यास्तव माझी विनंती अशी की पुढील चाचण्या केवळ मध्यवर्ती प्रक्षेत्रावर न घेता दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव अशा ठिकाणच्या शेतकऱ्यांच्या वावरात, त्यांच्याच पाण्यावर घ्याव्यात. प्रत्येक वाणाचे कंद जाळीच्या पिशव्यांत भरून, तोलून, सावलीतल्या ढिगाच्या मध्यभागी आणि कडेला ठेवावेत. काढणीच्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी वजन, साखर आणि विघटित साखर मोजावी. आणि वाणाच्या शिफारशीत ‘हेक्टरी उत्पादन’ या रकान्याशेजारी ‘सातव्या दिवशीचे उत्पादन’ असा रकाना छापावा. जो वाण पहिल्या रकान्यात पहिला आणि दुसऱ्यात सातवा येईल, त्याची शिफारस करू नये. जॉइंट ॲग्रेस्कोमध्ये, म्हणजे शिफारशी मंजूर करणाऱ्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, हा निकष पहिल्याच वर्षी मान्य होईल असे मी धरून चाललो नाही. पण नोंदी ठेवायला मान्यता लागत नाही. नापास वाणांच्या नोंदीही प्रसिद्ध कराव्यात. मागच्या वेळी ज्या शेतकऱ्यांनी हे पीक लावले, त्यांचा अनुभव कुठेच नोंदलेला नसल्याने आज नवा माणूस गावात येऊन तीच तीन वाक्ये बोलू शकतो.

माझे अर्धा एकर तेच वावर मी यासाठी देण्यास तयार आहे. ते वावर रोगट आहे, त्या वर्षीचे मोहरीसारखे दाणे अजून त्यात असतील, आणि मला वाटते तीच त्याची लायकी आहे. माती व पाण्याचा तपासणी अहवाल माझ्याकडे आहे. पेरणी ऑक्टोबरअखेरपासून करता येईल, त्याआधी शेततळ्यात किती पाणी उरले ते पाहून वाणांची संख्या ठरवावी लागेल. शास्त्रज्ञ येतील तेव्हा त्यांनी सोबत एक वजनकाटा आणावा. लिंबाचे झाड धुऱ्यावर अजून उभे आहे.

आपला,
खारपाण पट्ट्यातील एक शेतकरी
ता. दर्यापूर, जि. अमरावती